चाबूक कोणाच्या हाती?

(अंबरनाथ येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय पक्षातील फूट आणि पक्षाची शिस्त असा ठरला आहे. विषयाचे नाव ऐकूनच कित्येकांस वाटेल की, ही पुढाऱ्यांच्या घरची भांडणे आहेत. कुणब्याने आपले औत धरावे, सुताराने आपला रंधा चालवावा, शिंप्याने आपले यंत्र हाकावे, आपल्यास यात काय करावयाचे आहे? आमचे म्हणणे असे की, या भांडणाचा सारा खर्च शेवटी आपल्याच घरून वसूल होतो. नळाला पाणी किती वेळ सोडावे, वालधुनी नदीत रसायनाचे पाणी कोणी ओतले तर त्यास हात कोणी लावावा, उल्हास नदीच्या पूररेषेत चाळी बांधू द्याव्यात की नाही, बाजारात भाजीवालीने कोठे बसावे, हे सारे ज्या सभागृहांत ठरते तेथे आपण आपले मत देऊन माणूस पाठवितो. तो माणूस तेथे गेल्यावर कोणाचे ऐकतो? ज्याने मत दिले त्याचे, ज्या पक्षाने तिकीट दिले त्याचे, की ज्याने रात्री मोटार पाठविली त्याचे? एवढ्या एका प्रश्नावर आज आम्ही बोलणार आहोत.

प्रथम आपल्या दारचीच गोष्ट घेऊ. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपरिषदांची निवडणूक २०१५ नंतर झाली ती एकदम २०२५ च्या डिसेंबरात. मधली पाच वर्षांहून अधिक काळाची मजल प्रशासकाच्या कारभारात गेली. या काळात रयतेने तक्रार सांगावयाची कोणास? नगरसेवक नाही, सभा नाही, ठराव नाही. उल्हासनगरच्या महापालिकेचीही मुदत २०२२ साली संपली आणि तेथेही लोकांना मतदानासाठी २०२६ च्या जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागली. इतक्या दिवसांच्या उपासानंतर पान वाढले गेले, तेव्हा ताटात काय पडले ते पाहा.

राज्याच्या एका मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसणारे भाजप व एकनाथ शिंदे यांची शिवसेना हे दोन पक्ष अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही ठिकाणी एकमेकांविरुद्ध लढले. अंबरनाथात नगराध्यक्षपद थेट लोकांच्या मतांनी भाजपकडे गेले. पण सभासदांत शिवसेनेचे २७, भाजपचे १४, काँग्रेसचे १२, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४ आणि अपक्ष २ असे निवडून आले. म्हणजे डोके एकाचे आणि धड दुसऱ्याचे! मग २०२६ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाजप, काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या सभासदांनी मिळून 'अंबरनाथ विकास आघाडी' बांधली. ज्यांनी देशभर एकमेकांचे नाव घेऊन मते मागितली, ते एका रात्रीत एका पंगतीस बसले.

वरच्या पुढाऱ्यांस ही गोष्ट वर्तमानपत्रांतून कळताच मोठा गहजब झाला. मुख्यमंत्र्यांनी अशी युती चालू देणार नाही असे सांगितले. काँग्रेसने आपले बाराही नगरसेवक व स्थानिक अध्यक्ष यांस निलंबित केले. पक्षाने शिस्तीचा बडगा उगारला, हे तर झाले. पण त्याचा परिणाम काय? निलंबित झालेले ते बाराजण थेट भाजपमध्ये दाखल झाले! पुढे राष्ट्रवादीचे चौघे शिवसेनेकडे वळले, आणि उपनगराध्यक्षाच्या निवडणुकीत पक्षादेश कोणाचा पाळावयाचा यावरून नवा तंटा उभा राहिला. निकालाला पुरता महिना लोटला नाही तोच ही एवढी उलथापालथ झाली.

आता या हकिकतीत आम्ही कोणा एका पक्षाला दोष देण्यास उभे नाही. सर्वांनी सारखेच केले आहे. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीवर आहे. या साऱ्या खटपटीत निलंबन झाले, पक्षादेश निघाले, कायद्याची कलमे काढली गेली, पत्रके निघाली. पण ज्या वॉर्डातल्या लोकांनी काँग्रेसच्या पंजावर शिक्का मारला होता, त्यांची एक साधी सभा बोलावून 'आम्ही असे असे करू म्हणतो, तुमचे काय मत?' असे कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. शिस्त वरून खाली आली आणि बंडही वरच्या वरच झाले. मतदार तेवढा खाली राहिला.

येथे फुटीचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत, कारण आपल्याकडे दोहोंस एकच नाव आहे. एक फूट मताची असते. पक्षाने शेतकऱ्याची जमीन एखाद्या कारखान्यासाठी घेण्याचा ठराव केला आणि सभासद म्हणाला, 'मी माझ्या गावाला असे वचन दिले नव्हते, मी हात वर करणार नाही', तर ती मताची फूट. अशा माणसाला आम्ही नमस्कार करतो, मग त्याचे मत आम्हांस पटो वा न पटो. दुसरी फूट मतलबाची. पद मिळाले नाही, ठेका मिळाला नाही, चौकशी अंगावर येते आहे, म्हणून चिन्ह बदलले, तर ती मतलबाची फूट. पहिल्या प्रकारात माणूस काहीतरी गमावून बाहेर पडतो. दुसऱ्यात काहीतरी कमावण्यासाठी. ओळखण्याची खूण एवढी एकच आहे. कुंभार मडके टिचकी मारून पाहतो तशी प्रत्येक बंडाला ही टिचकी मारून पाहावी. आवाजावरून पक्के की कच्चे ते कळते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि तेव्हापासून 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. हा रोग हटावा म्हणून १९८५ साली राज्यघटनेला ५२ वी दुरुस्ती करून दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. त्याचा सारांश असा: पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदार-खासदाराने आपण होऊन पक्ष सोडला, किंवा पक्षादेश मोडून मत दिले अथवा मत देण्याचे टाळले, तर त्याचे सभासदत्व जाऊ शकते. प्रारंभी या कायद्याला एक मोठे भगदाड होते. एक तृतीयांश सभासद एकदम फुटले तर ती फूट कायदेशीर ठरे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते भगदाड बुजविले. आता मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश सभासदांनी त्यास रुकार दिला, तरच सूट मिळते. नगरपरिषदा, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्यासाठी महाराष्ट्राने १९८६ साली याच धर्तीवर निराळा अधिनियम केला. त्यात पक्षाप्रमाणेच आघाडीलाही स्थान आहे. नगरपरिषदेच्या सभासदाविरुद्ध तक्रार आली तर तिचा निवाडा जिल्हाधिकाऱ्याकडे होतो.

कायदा कागदावर बरा दिसतो. परंतु त्याची मेख कोठे आहे ती ध्यानात घ्या. एकटा सभासद आपल्या मनास स्मरून पक्षादेशाविरुद्ध उभा राहिला तर त्याची जागा धोक्यात येते. उलट सारा कळपच्या कळप उठून गेला तर त्यास पळवाट सापडते. एकट्या दुकट्याने शेतातले कणीस मोडले तर चोर, आणि शंभर गुरे घालून सारे पीक चारले तर तो चराईचा हक्क! कायदा झाला तो मतलबाची फूट थांबविण्यासाठी. पण जाळ्यात अडकते ती पुष्कळदा मताची फूट, आणि मतलबाची फूट गठ्ठ्याने निसटून जाते.

उल्हासनगरचे उदाहरण फार जुने नाही. २०१७ साली तेथील ७८ जागांच्या महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा कलानी गटाची मंडळी भाजपच्या कमळावर निवडून आली आणि पुढे त्याच गटाच्या पंचम कलानी भाजपच्या महापौर झाल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा महापौर निवडावयाचा झाला, तेव्हा याच गटाच्या नगरसेवकांनी आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून शिवसेनेच्या लीलाबाई आशान यांना मते दिली आणि त्या महापौर झाल्या. कमळ पाहून ज्याने मत दिले तो म्हणाला, माझे मत गेले कोठे? कलानींकडे पाहून ज्याने मत दिले तो म्हणाला, माझे मत जेथल्या तेथेच आहे. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते! पक्षाला माणसे हवी होती आणि गटाला चिन्ह हवे होते; तो एक उसनवारीचा व्यवहार होता. उसने आणलेले बैल दुसऱ्याच्या गोठ्याकडे वळले म्हणून ओरड करण्यात काय अर्थ?

याहून मोठा धडा २०२२ च्या जूनात मिळाला. शिवसेनेचे बहुसंख्य आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर आधी सुरतेस व मग गुवाहाटीस गेले, उद्धव ठाकरे यांचे मंत्रिमंडळ गडगडले आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे यांस दिले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षादेश काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातील गटाचा नाही. मग प्रश्न आला की राजकीय पक्ष म्हणजे कोण? १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी शिंदे यांचा पक्ष हाच खरा पक्ष मानला आणि दोन्हीकडच्या कोणाही आमदारास अपात्र ठरविले नाही. त्या निकालात वाद कशावर रंगला? पक्षाची १९९९ ची घटना धरावयाची की २०१८ ची, आणि त्यातील पदाधिकारी कसे निवडले गेले, यावर! निकाल बरोबर की चूक हा वाद आम्ही येथे घालत नाही. पण लक्षावधी शिवसैनिकांनी ज्या पक्षासाठी अंगावर लाठ्या घेतल्या, त्यातील कितीजणांनी आपल्या पक्षाची घटना आधी डोळ्यांनी पाहिली होती? घर बांधले, रंगविले, वास्तुशांत केली. आणि भावकीचे भांडण लागल्यावर सातबारा शोधावयास निघाले. हीच गत जवळजवळ सगळ्या पक्षांची आहे. वर्गणीची पावती आहे, झेंडा आहे, पण सभासदांची खरी वही, वेळेवर होणारी आतली निवडणूक आणि सर्वांस ठाऊक असलेले नियम यांचा पत्ता नाही.

'व्हिप' या इंग्रजी शब्दाचा अर्थ चाबूक असा आहे. विलायतेत शिकारीच्या वेळी कुत्र्यांचा कळप पांगू नये म्हणून चाबूक घेऊन फिरणारा एक नोकर असे. त्याच्यावरून हा शब्द पार्लमेंटात आला. आपण लोकांनी निवडून दिलेली माणसे काही शिकारी कुत्री नव्हेत, तेव्हा हा चाबूक कोणाच्या हाती असावा, हे तपासण्याचा आपल्यास पूर्ण अधिकार आहे. यासाठी एका दूरच्या देशाकडे पाहिले तर पुष्कळ उमगते. तो देश अमेरिका. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले तेव्हा ते गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. तेव्हा त्या देशाचे बरे-वाईट पाहण्याची वाट आपल्यास नवी नाही.

अमेरिकेत डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन असे दोन थोर पक्ष आहेत. तेथेही चाबूकवाले आहेत. परंतु पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून सभासदाची जागा घेणारा आपल्यासारखा कायदा तेथे नाही. १९६४ साली काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचा कायदा आला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन हे डेमोक्रॅट; आणि त्यास सर्वांत कडवा विरोध केला तो त्यांच्याच पक्षाच्या दक्षिणेकडील सभासदांनी. विरोधी रिपब्लिकनांतील बहुसंख्यांनी पाठिंबा दिला म्हणून कायदा तरला. २०२३ च्या जानेवारीत रिपब्लिकनांस आपला सभापती निवडण्यासाठी पंधरा वेळा मतदान करावे लागले. आणि त्याच मॅकार्थी सभापतीला ३ ऑक्टोबर रोजी २१६ विरुद्ध २१० मतांनी काढण्यात आले, तेव्हा त्याच्याच पक्षाचे आठजण विरोधकांबरोबर गेले होते. त्या आठांपैकी कोणाचीही जागा कायद्याने गेली नाही.

मग तेथे शिस्त राखतो कोण? तेथे पक्षाचा उमेदवार राजधानीतल्या बंगल्यात ठरत नाही. पूर्वी ठरत असे. पक्षाचे चार धनी बंद खोलीत बसून नावे काढीत. त्याला कंटाळून १९०४ साली विस्कॉन्सिन राज्यातील मतदारांनी कौल देऊन एक कायदा कायम केला की, पक्षाचा उमेदवार साध्या मतदारांनीच मतपेटीत मत टाकून निवडावा. ही चाल पुढे देशभर पसरली. म्हणजे तेथे निवडणुका दोन होतात. आधी पक्षाच्या अंगणात, मग साऱ्या गावच्या चावडीवर. १९३८ साली रूझवेल्टसारख्या बलाढ्य अध्यक्षाने आपल्या धोरणास विरोध करणाऱ्या स्वपक्षीय सिनेटरांना पाडण्याचा चंग बांधला. जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना व मेरीलँड येथील लोकांनी त्याचे न ऐकता जुनेच उमेदवार कायम केले. अध्यक्षाचा चाबूक हवेतच वाजला.

परंतु अमेरिकेत सारे सोने आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या अंगणातल्या निवडणुकीला पैसा पाण्यासारखा लागतो. मतदानास येतात ते थोडे, आणि त्यातही हट्टी व तापट माणसेच अधिक उत्साहाने येतात. २०२१ साली लिझ चेनी या रिपब्लिकन बाईने आपल्याच पक्षाचे अध्यक्ष ट्रंप यांच्यावरील महाभियोगास पाठिंबा दिला. पक्षाने तिला सभागृहातील पुढारीपणावरून काढले आणि २०२२ च्या ऑगस्टात वायोमिंग राज्यातील पक्षाच्या मतदारांनीच तिला पाडले. तेव्हा लोकांच्या हातचा चाबूकही कधी कधी सत्य बोलणाऱ्याच्याच पाठीवर बसतो, हे विसरू नये. तरीसुद्धा एक फरक राहतोच. चेनीबाईंना काढले ते मोजलेल्या मतांनी, उजेडात, दिलेल्या तारखेस. त्यांनी आपली बाजू गावोगाव फिरून मांडली. अंबरनाथच्या वॉर्डातल्या मतदारास मात्र आपला नगरसेवक कोणत्या पक्षाचा आहे हे सकाळच्या वर्तमानपत्रात शोधावे लागले.

कोणी म्हणेल, ही सारी परक्यांची आणि आजच्या पुढाऱ्यांची कथा झाली. आपल्या जुन्या चळवळीतील मंडळी तरी एकदिलाने वागली की नाही? खरे सांगावयाचे तर तेथेही फूट पडली, आणि तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. ब्राह्मणेतर पक्षात १९३० च्या सुमारास मोठा प्रश्न उभा राहिला की, सरकारच्या कौन्सिलात राहून बहुजन समाजाचे हित साधावे, की काँग्रेसच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरावे. केशवराव जेधे तरुण मंडळी घेऊन काँग्रेसमध्ये गेले. भास्करराव जाधवांसारखे जुने पुढारी गेले नाहीत. पुढे काँग्रेसमध्ये राहून शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही असे दिसताच जेधे, शंकरराव मोरे आदींनी आतल्या आत शेतकरी कामकरी संघाची उभारणी केली. काँग्रेसने पक्षात वेगळा पक्ष चालू देणार नाही अशी शिस्त लावली, आणि १९४८ साली ही मंडळी बाहेर पडून त्यांचा शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. त्या पक्षाने १९५० साली दाभाडीस मार्क्सवादाचा प्रबंध मान्य केला, तेव्हा त्यातही मतभेद माजले. आणि जेधे स्वतः १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले.

एकाच माणसाने इतक्या वेळा वाट बदलली म्हणून त्यास आयाराम म्हणावयाचे काय? आम्ही म्हणणार नाही. त्या प्रत्येक वळणावर उघड सभा झाल्या, परिषदा भरल्या, वर्तमानपत्रांतून महिनेच्या महिने वाद झाले, आणि बहुजन समाजातल्या साध्या माणसाला आपण कोठून कोठे जात आहोत व कशासाठी, हे ठाऊक होते. चूक झाली असेल, पण चोरी झाली नाही. मात्र त्या चळवळीची एक उणीव आजही बोचते. माणसे मोठी होती, परंतु संस्था लहान राहिली. पुढारी ज्या दिशेस वळला तिकडे अर्धी दिंडी गेली, आणि उरलेली दिंडी वीणा कोणाच्या गळ्यात घालावयाचा या वादात वाटेतच बसली. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे बजावले ते हेच, की राजकारणात माणसाची भक्ती केली की तिचा शेवट अधोगतीत आणि हुकूमशाहीत होतो.

तेव्हा शिस्त नकोच की काय? तसे मुळीच नाही. शिस्तीवाचून शेतीही होत नाही. एका जुवाखाली दोन बैल जुंपले आणि एक पूर्वेस व एक पश्चिमेस ओढू लागला तर तास सरळ पडणार नाही. पक्षाने जाहीरनामा दिला, लोकांनी त्यावर मत दिले, आणि निवडून आल्यावर जो तो आपल्या मर्जीस येईल तसे वागू लागला, तर मत देण्यास अर्थच राहणार नाही. शिस्त हवीच, पण ज्याने ती पाळावयाची त्याचा ती करण्यात हात हवा. जो नियम आपण सर्वांनी बसून केला तो पाळणे ही शिस्त. जो हुकूम मध्यरात्री दूरध्वनीवरून आला तो पाळणे ही चाकरी. आणि चाकर माणूस धनी बदलतो, त्यात आश्चर्य ते काय? अंबरनाथात बाराजणांना एकदम निलंबित करता आले आणि ते बाराहीजण एकदम दुसऱ्या दारी गेले, याचे मूळ येथेच आहे. पक्ष त्यांचा कधी नव्हताच. ते पक्षाचे तेवढे होते.

आता आपण करावयाचे काय? वरच्या पुढाऱ्यांस उपदेश करून काही होणार नाही. कामे आपल्या आळीतूनच सुरू करता येतील, ती सांगतो.

पहिले काम: ज्या पक्षाचा झेंडा आपल्या घरावर आहे त्याच्या शाखेत जाऊन सभासदांची वही आणि पक्षाची घटना मागा. शाखाप्रमुख कोणी नेमला, की कोणी निवडला, ते विचारा. वही नसेल तर तुम्ही सभासद नाही, तुम्ही गर्दी आहात, एवढे समजून घ्या.

दुसरे काम: उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला बंद लिफाफ्यातून ए-बी फॉर्म येण्याची ही जी रीत पडली आहे, ती मोडली पाहिजे. वॉर्डातल्या नोंदलेल्या सभासदांनी चिठ्ठ्या टाकून नाव निवडावे असा ठराव प्रत्येक शाखेत मांडा. पहिल्यांदा हसतील, दुसऱ्यांदा टाळतील, तिसऱ्यांदा मोजतील.

तिसरे काम: मत मागावयास येणाऱ्याकडून गटार-पाणी यांच्या वचनाबरोबर आणखी एक वचन सर्वांदेखत लेखी घ्या. निवडून आल्यावर कोणाबरोबर बसणार, आणि बसण्याची जागा बदलावयाची झाली तर आधी वॉर्डाची सभा बोलावणार की नाही? हा कागद कोर्टात चालणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण पुढच्या निवडणुकीत तोच कागद चौकात वाचून दाखविता येतो.

चौथे काम कायद्याविषयी आहे. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने सुचविले होते की, पक्षादेश मोडल्याबद्दल जागा जाण्याची शिक्षा सरकारवरील विश्वासदर्शक ठरावासारख्या प्रसंगांपुरतीच ठेवावी. ही सूचना आम्हांस शहाणपणाची वाटते. मंत्रिमंडळ पाडण्याच्या वेळी पक्षाने एक राहावे. पण पाण्याच्या ठेक्यावर, जमिनीच्या आरक्षणावर, नदीच्या घाणीवर सभासदाने आपल्या वॉर्डाकडे पाहून हात वर करावा आणि त्याबद्दल त्याची जागा जाऊ नये. उलट जो चिन्ह टाकून दुसऱ्या चिन्हाखाली जातो, तो एकटा जावो की बाराजणांसह, त्याने आधी जागा सोडावी आणि पुन्हा मत मागावे. मत हे चिन्हाला दिले की माणसाला, हा वाद मग वकिलांनी घालावयास नको. लोकच उत्तर देतील.

बंधुभगिनींनो, सुतार लाकूड कापण्याआधी गुण्या लावून पाहतो, गवंडी भिंत चढविण्याआधी ओळंबा सोडून पाहतो. आपल्या रोजच्या कामात आपण कोणाच्या शब्दावर विसंबत नाही, मापून घेतो. मग पाच वर्षांचा कारभार हाती देताना तरी न मापता का द्यावा? उमेदवारास माप लावण्याची वेळ निवडणुकीआधीची असते, आणि पुढची निवडणूक येईपर्यंत दर महिन्याच्या सभेची तारीख ही त्या मापाची परीक्षा असते. नगरपरिषदेची सभा असेल त्या दिवशी प्रत्येक आळीतून दोन माणसांनी जाऊन कोणी कोणत्या ठरावावर हात वर केला ते लिहून आणावे आणि संध्याकाळी ते देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या पायरीवर वाचून दाखवावे. यास पैसा लागत नाही, पुढारी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि लिहिता येणारी एक पोर लागते. अशी पोर आज आपल्या प्रत्येक घरात आहे.